आधी कोण तुटतो? मिश्र धाग्यांच्या दोराचा तुटभार : एक आढावा

क्योटो शहरातल्या हिगाशी होंगान्जी मंदिरात एक काळपट दोर जपून ठेवला आहे. लांबी ६९ मीटर, घेर ३० सेंटिमीटर, वजन ३७५ किलो. १८६४ च्या आगीत जळालेल्या या मंदिराची उभारणी १८८० मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा अजस्र तुळया ओढताना नेहमीचे दोर वारंवार तुटू लागले. मग ठिकठिकाणच्या भाविक स्त्रियांनी आपले केस कापून दिले. हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाबरोबर ते केस वळले गेले आणि असे ५३ दोर मंदिराकडे आले. त्यांतला सर्वांत लांब दोर ११० मीटरचा होता.

या दोराकडे श्रद्धेने पाहता येते, तसे हिशेबानेही पाहता येते. केसाची ताकद आपल्याला माहीत आहे, वाखाची माहीत आहे, दोहोंचे प्रमाणही कळले, तर हा दोर किती भाराला तुटेल? प्रश्न सोपा वाटतो आणि पहिले उत्तर बेरजेचे सुचते. ते उत्तर चुकते, आणि चुकते ते थोडेथोडके नाही. शिडाच्या होड्यांपासून तेलवाहू जहाजांपर्यंत आणि कड्यावरच्या गिर्यारोहकापासून गोठ्यातल्या दाव्यापर्यंत आज दोन-तीन जातींचे धागे एकत्र विणलेले दोर सर्रास वापरले जातात. कुठे पैसे वाचवायचे असतात, कुठे पकड हवी असते, कुठे उष्णतेला तोंड द्यायचे असते, कुठे दोर पाण्यावर तरंगायला हवा असतो. त्यामुळे बेरीज कुठे आणि का फसते हे समजून घेणे जिवाशी निगडित आहे.

आधी एकाच जातीच्या धाग्याचा विचार करू. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात विचारले होते की, दोन-तीन हात लांबीचे तंतू मिळून शंभर हातांचा दोर कसा होतो, आणि तो मध्येच सुटून का येत नाही? पीळ तंतूंना एकमेकांवर आवळतो आणि घर्षण त्यांना धरून ठेवते, हे त्याचे उत्तर आजही बरोबर आहे. पण पिळाने ताकद वाढते की घटते? रेओम्यूर या फ्रेंच वैज्ञानिकाने १७११ मध्ये सुते वेगवेगळी तोडून त्यांची बेरीज केली, मग त्याच सुतांच्या दोऱ्या तोडल्या. दोऱ्या बेरजेपेक्षा कमी भरल्या. द्युआमेल द्यु मोंसो याने १७४७ च्या दोरनिर्मितीवरच्या ग्रंथात हे काम नौदलाच्या दोरखान्यांपर्यंत नेले आणि दाखवून दिले की, त्या काळी घालत तितका पीळ दोराला लागत नाही. पीळ थोडा कमी केला की त्याच वजनाचा दोर जास्त भार घेतो. तंतू एकमेकांना धरून राहतील इतका पीळ हवाच. त्यापुढचा प्रत्येक वेढा तंतूला भाराच्या दिशेपासून तिरका करतो आणि ताकद खातो.

दुसरे नुकसान विषमतेचे असते. एकाच लडीतले सगळे धागे सारखे नसतात. मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पीअर्स यांनी १९२६ मध्ये कापसाच्या सुतावर काम करताना मांडले की, लांब सुताची ताकद म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या तुकड्याची ताकद. एच. ई. डॅनियल्स यांनी १९४५ मध्ये जुडग्याचा प्रश्न सोडवला. शेजारी शेजारी धरलेल्या सुट्या धाग्यांतला दुबळा आधी तुटतो, त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, मग पुढचा तुटतो. या गणिताचा निकाल बोलका आहे. धाग्याधाग्यांतला फरक सरासरीच्या सुमारे ६ टक्के असेल, तर जुडग्याची ताकद बेरजेच्या ८४ टक्क्यांपर्यंत येते. फरक १२ टक्के असेल तर ७५ टक्क्यांच्या आसपास आणि २३ टक्के असेल तर ६५ टक्क्यांपर्यंत. कारखान्यात ओढलेल्या पॉलिएस्टरचा तंतू बराच एकसारखा असतो. काथ्या, घायपात, अंबाडी यांचे तंतू मात्र एका झाडाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून नैसर्गिक वाखाच्या दोराचा अंदाज एकेका तंतूच्या सरासरीवरून कधीही बांधू नये. पीळ आणि वीण या नुकसानीतले थोडे भरून काढतात, कारण तुटलेला तंतू काही अंतरावर शेजाऱ्याच्या घर्षणाने पुन्हा पकडला जातो आणि भार घेऊ लागतो.

इथवरच्या दोन्ही गोष्टी कोणत्याही दोराला लागू आहेत. मिश्र दोरात तिसरी गोष्ट येते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. ती म्हणजे ताण सोसताना धागा किती लांबतो.

दोर ताणला की त्यातले सगळे धागे बरोबरीने लांबतात. कोणीही मागे राहू शकत नाही. पण तुटण्याआधी किती लांबायचे याची प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी असते. नायलॉन साधारण १८ ते २० टक्के लांबून तुटतो, पॉलिएस्टर १२ ते १४ टक्क्यांवर. अरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा, आणि डायनीमा या नावाने ओळखले जाणारे अतिबलवान पॉलिएथिलीन ही दोन्ही साडेतीन टक्क्यांच्या आसपास संपतात. ताग नि अंबाडी दोन टक्केही गाठत नाहीत. काथ्या मात्र १५ ते ४० टक्क्यांपर्यंत लांबतो. म्हणजे ताकदीच्या क्रमवारीचा आणि लांबण्याच्या क्रमवारीचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिला तुटणारा धागा दुबळा असेलच असे नाही. बहुधा तो सर्वांत ताठ असतो, आणि महागड्या आधुनिक दोरांत तोच सर्वांत बलवान असतो.

डब्ल्यू. जे. हॅम्बर्गर यांनी १९४९ मध्ये मिश्र सुतासाठी हे स्वच्छ मांडले. आकडे घालून पाहू. दोरांच्या व्यवहारात ताकद जाडीवरून मोजत नाहीत, वजनावरून मोजतात, कारण दोराच्या जाडीत हवाही असते. १००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे टेक्स. उत्तम पॉलिएस्टर दर टेक्सला सुमारे ०.८ न्यूटन पेलतो. अतिबलवान पॉलिएथिलीन सुमारे ३ न्यूटन. आता १००० टेक्सचे एक जुडगे घ्या. सगळे पॉलिएस्टर असेल तर ते ८०० न्यूटनला तुटेल. त्यात दहा टक्के पॉलिएथिलीन घातले तर? बेरीज सांगते, १०० टेक्सचे ३०० आणि ९०० टेक्सचे ७२०, मिळून १०२० न्यूटन.

प्रत्यक्षात साडेतीन टक्के लांबीला पॉलिएथिलीन तुटते. त्या क्षणी पॉलिएस्टर अजून आळसावलेले असते. ते दर टेक्सला फार तर पाव न्यूटन घेत असते, म्हणजे एकूण २२५. त्यात पॉलिएथिलीनचे ३०० मिळवून ५२५ न्यूटनला पहिला तुकडा पडतो. पुढचा सगळा भार पॉलिएस्टर एकटे घेते आणि ७२० ला संपते. शुद्ध पॉलिएस्टरचे ८०० होते. महाग आणि जवळजवळ चौपट बलवान धागा घातल्यावर ७२० झाले. प्रमाण वाढवत नेले की ताकद आणखी घसरते आणि साडेपंधरा टक्क्यांच्या सुमारास तळ गाठते, सुमारे ६७६ न्यूटनचा. तिथून ती चढू लागते आणि बरोबर वीस टक्क्यांवर पुन्हा ८०० ला येते. म्हणजे पाचवा हिस्सा महागडा धागा घालून आपण जिथून निघालो तिथेच पोहोचतो. बेरजेच्या हिशेबाने मात्र इथे १२४० दिसतात. अर्धे-अर्धे मिश्रण घेतले तर बेरीज १९०० म्हणते आणि खरा आकडा १६२५ येतो. तळाच्या पुढे प्रमाण जसे वाढते तशी चूक कमी होते, आणि नेमकी कमी प्रमाणात, ‘थोडी मजबुती’ म्हणून घातलेल्या धाग्याच्या बाबतीत ती सर्वांत मोठी असते.

यात एक धोका आकड्यांमागे दडलेला आहे. दहा टक्क्यांच्या जुडग्याला ६०० न्यूटनचे वजन टांगले तर कागदावर ते सुरक्षित आहे. पण वजन चढताना ५२५ ला ताठ धागे एकदम तुटतात, भार क्षणात दुसऱ्या धाग्यांवर कोसळतो आणि झटका बसतो. झटक्याचा भार स्थिर भारापेक्षा बराच मोठा होऊ शकतो. चाचणीयंत्र दोराला सावकाश, ठरावीक वेगाने लांबवते म्हणून तिथे ७२० हा आकडा शांतपणे मिळतो. टांगलेले ओझे तेवढी सवड देत नाही. म्हणून मिश्र दोराचा अंदाज सांगताना दोन आकडे सांगावेत असे मला ठामपणे वाटते : पहिला तुकडा कधी पडेल आणि शेवटचा कधी.

हॅम्बर्गरचे चित्र थोडे जास्त कठोर आहे, हे पुढच्या कामाने दाखवले. केम्प आणि ओवेन यांनी १९५५ मध्ये नायलॉन आणि कापसाच्या मिश्र सुतांचा अभ्यास केला. आत कापसाचे तंतू एकदा तुटून गप्प बसत नव्हते. ते पुन्हा पुन्हा, आखूड आखूड तुकड्यांत तुटत होते. प्रत्येक तुकडा भोवतालच्या नायलॉनच्या दाबाने धरलेला राहून काही भार घेतच होता. घट्ट पिळाच्या सुतात ताठ धाग्याचे योगदान त्याच्या पहिल्या तुटण्याने संपत नाही, ते हळूहळू ओसरते. राळेत बसवलेल्या कार्बन-काच मिश्रणातही हायाशी यांनी १९७२ मध्ये असेच पाहिले होते : लवचीक काचेच्या सोबतीत ताठ कार्बन एकट्याने तुटला असता त्यापेक्षा उशिरा तुटतो. दोराच्या बाबतीत या सवलतीवर फार विसंबू नये. राळ तंतूला चिकटून असते. दोरात फक्त घर्षण असते, आणि अतिबलवान पॉलिएथिलीन तर कमालीचे बुळबुळीत. कापूस, ताग, काथ्या यांसारख्या खरबरीत धाग्यांत ही सवलत खरी आहे, गुळगुळीत कृत्रिम धाग्यांत ती हिशेबात न धरलेली बरी.

होंगान्जीच्या दोराला हे लावून पाहू. हेम्प दोनेक टक्के लांबतो आणि बलवान आहे. कोरडा केस ३० ते ५० टक्के लांबतो, पण वजनामागे हेम्पच्या निम्म्यानेही बलवान नाही. हेम्प तुटण्याच्या क्षणी केस आपल्या ताकदीचा काही भागच देत असणार. तेव्हा केस घातल्याने त्या दोराचा कमाल तुटभार वाढला असेल असे हॅम्बर्गरच्या गणितावरून तरी म्हणता येत नाही. वाढला असेल तो दोराचा चिवटपणा. तुळई अडखळून पुढे सरकते तेव्हा दोराला एकामागून एक हिसके बसतात. निव्वळ हेम्पचा दोर हिसक्याची ऊर्जा पोटात घेऊ शकत नाही. केस मात्र लांबतो, ऊर्जा शोषतो, आणि हेम्पचे तुटलेले तंतू धरून ठेवतो. हे माझे अनुमान आहे, पण वारंवार तुटणाऱ्या दोरांच्या अडचणीशी ते जुळते. तुटभार आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिश्रण बहुतेक वेळा दुसरीसाठी केलेले असते.

आता विणीकडे येऊ. गोव्यातल्या शिगम्यात गोफ नाचतात तेव्हा टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि वर वेणी उतरत जाते. विणलेल्या दोराचे यंत्र हेच करते. निम्मे पेड उजव्या वळणाने जातात, निम्मे डाव्या. दोन्ही वळणांचे मरोड एकमेकांना रद्द करतात, म्हणून वळलेल्या दोरासारखा विणलेला दोर भाराखाली गरगर फिरत नाही. विणीचे बल आणि रचना यांचा पद्धतशीर अभ्यास ब्रुनश्वायलर यांनी १९५३-५४ च्या सुमारास मांडला. पुढे मँचेस्टरमध्ये हर्ल आणि लीच, अमेरिकेत एमआयटीमध्ये बॅकर यांच्या गटाने दोरांची गणिती प्रारूपे उभी केली. मॅकेना, हर्ल आणि ओ’हिअर यांच्या २००४ च्या ग्रंथात यातले बरेचसे एकत्र सापडते.

या सगळ्यातून हाती येणारा मुद्दा हा : विणीचा कोन हा केवळ नुकसान करणारा घटक नाही, तो मिश्रण जुळवण्याचे साधनही आहे. दोराच्या अक्षाशी ३० अंशांचा कोन करणारा पेड घ्या. दोर एक टक्का लांबला तर हा पेड फक्त पाऊण टक्का लांबतो. ताणताना दोर बारीकही होतो, ते धरले तर त्याहून कमी. म्हणजे ताठ धागा मुद्दाम तिरका बसवला आणि लांबणारा धागा सरळ, तर दोघांच्या मर्यादा एकमेकींच्या जवळ आणता येतात. किंमत मोजावी लागतेच, कारण ३० अंशांवरचा पेड आपल्या ताणाचा ८७ टक्के भागच दोराच्या दिशेने देतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांची जोडी अशी बऱ्यापैकी जुळते, कारण त्यांच्यात फरक दीडपटीचा आहे. साडेतीन टक्क्यांचे पॉलिएथिलीन आणि तेरा टक्क्यांचे पॉलिएस्टर कोणत्याही व्यवहार्य कोनाने जुळत नाहीत. म्हणून पॉलिएथिलीनचा गाभा आणि पॉलिएस्टरचे वेष्टण असलेल्या दोराचा तुटभार सांगताना जाणते उत्पादक फक्त गाभा धरतात. वेष्टण पकडीसाठी आणि घासण्यापासून रक्षणासाठी आहे, एवढेच. बेरीज करणारा ग्राहक असा दोर हातात घेऊन अर्धे वजन ‘फुकट’ गेल्याचे समजतो; खरे तर त्या वजनाला दुसरेच काम दिलेले असते.

मिश्रण कुठे केले आहे यावरही बरेच अवलंबून असते. तंतू सुतातच मिसळले असतील तर ते एकमेकांना घट्ट धरतात आणि केम्प-ओवेन यांची सवलत मिळते. पेड वेगवेगळे असतील तर ताठ पेड तुटल्यावर तो दोरातून सरळ बाहेर येतो. बारा पेडांच्या दोरात सहा पेड एका जातीचे आणि सहा दुसऱ्या जातीचे घेऊन पहिली जात सगळी उजव्या वळणात आणि दुसरी सगळी डाव्या वळणात बसवली, तर रंगसंगती छान दिसते आणि दोर बिघडतो. ताठ बाजू भार ओढून घेते, मरोडाचा तोल जातो आणि विणलेला असूनही दोर फिरू लागतो. प्रत्येक जात दोन्ही वळणांत सारखी वाटली पाहिजे. अंदाज बांधण्याआधी दोराचे टोक उसवून हे पाहणे पहिले काम आहे.

विणताना प्रत्येक पेडाचा ताण सारखा असणे हे ताठ धाग्यांच्या दोरात फार महत्त्वाचे ठरते. एखादा पेड एक टक्का सैल राहिला असे धरू. नायलॉन वीस टक्के लांबणार आहे, त्यामुळे घट्ट पेड तुटायच्या वेळी सैल पेड १९ टक्के लांबलेला असतो, नुकसान नगण्य. साडेतीन टक्क्यांच्या धाग्यात मात्र सैल पेड अडीच टक्क्यांवरच असतो आणि आपल्या ताकदीच्या ७१ टक्केच देतो. कारागिरीची तीच चूक एका दोराला सोसते, दुसऱ्याला सोसत नाही. मिश्र दोराच्या कोणत्याही सूत्रात या चुकीला जागा नाही. ती दोर तोडूनच कळते.

आतापर्यंत धागे शेजारी शेजारी होते. ते एकापुढे एक जोडले तर गणित उलटते. तिथे भार सगळ्यांवर सारखा असतो आणि लांबणे वेगवेगळे. तुटभार म्हणजे सर्वांत दुबळ्या तुकड्याचा, यात कोडे काही नाही. पण ऊर्जा लांबणाऱ्या तुकड्यात साठते आणि तुटताना ताठ तुकड्याला झोडपते. २ मार्च २०१५ रोजी ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या साउथ हूक धक्क्यावर ‘झर्गा’ या वायुवाहू जहाजाला धक्क्याशी बांधणारा पॉलिएथिलीनचा दोर तुटला आणि उसळून एका अधिकाऱ्याच्या डोक्यावर बसला. तो गंभीर जखमी झाला. असे दोर तुटल्यावर फारसे उसळत नाहीत असा तोवर समज होता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालाने दाखवले की, दोराला जोडलेल्या लवचीक धाग्याच्या शेपटीमुळे सगळ्या जोडणीत ताणाची ऊर्जा साठली होती. गाभ्याचे धागे आधीच दुमडून-दुमडून थकलेले होते, आणि ते वेष्टणाआड असल्याने दिसत नव्हते. मिश्र दोराच्या अभ्यासकाने हा अहवाल वाचायलाच हवा, कारण त्यात तुटभाराचा छापील आकडा किती थोडे सांगतो हे दिसते.

आपल्याकडे मिश्र दोर सर्वांत जास्त कुठे दिसतात? शेतात. पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणाऱ्या मातंग कारागिरांनी अंबाडी, ताग, घायपाताचा वाख यांतून चऱ्हाटे, कासरे, दावी, सोल तयार केली. आता त्याच हातांनी खताच्या पोत्यांच्या प्लास्टिक पट्ट्या, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणि वाख एकत्र वळला जातो. टाकाऊतून उभे राहिलेले हे तंत्र माझ्या दृष्टीने मोलाचे आहे आणि त्याला हिशेबाची साथ मिळायला हवी. पोत्याची पट्टी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ती दर टेक्सला ०.४५ न्यूटन पेलते आणि १८ टक्के लांबते असे धरू, वाख ०.३ न्यूटन आणि दोन टक्क्यांच्या आत. अर्धे-अर्धे घेतले तर वाख तुटताना दोर दर टेक्सला सुमारे ०.१८ न्यूटनवर असतो आणि शेवटी पट्टी एकटी ०.२२ वर तुटते. म्हणजे अखेरच्या ताकदीत वाखाचा वाटा शून्य. तरीही वाख निरुपयोगी नाही. तो गाठ घसरू देत नाही, हाताला आणि जनावराच्या मानेला मऊ लागतो, आणि रोजच्या हलक्या ओढीत दोराला ताठर ठेवतो. शेतकऱ्याने भार मात्र पट्टीच्या ताकदीवर धरावा, आणि पट्टी आधीच वर्षभर उन्हात तापलेल्या पोत्याची असेल तर तोही हिशेब सोडावा. उन्हाने पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते.

वेळ आणि हवामान भाराच्या वाटेकरी धाग्यांची जागा बदलत राहतात. नायलॉन भिजला की दहा ते पंधरा टक्के ताकद गमावतो, कापूस भिजल्यावर उलट बळकट होतो, पॉलिएस्टरला फरक पडत नाही. म्हणून नायलॉन-कापसाच्या दोराचा मे महिन्यातला आकडा जुलैत लागू नाही. पॉलिएथिलीनचा धागा सततच्या भाराखाली कायमचा लांबत जातो, अरामिड जवळजवळ नाही. दोन्ही शेजारी असतील तर महिन्यागणिक भार अरामिडकडे सरकतो. खुंट्यावर दोर घसरला तर पॉलिएथिलीन १५० अंशांच्या आतच वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, नायलॉन आणि पॉलिएस्टर २२० ते २६० दरम्यान, अरामिड वितळतच नाही. मिश्र दोर घर्षणाने तापला की त्यातला एकच वाटेकरी नाहीसा होतो आणि बाहेरून दोर शाबूत दिसतो.

मग अंदाज बांधायचा कसा? मला पटलेला रस्ता असा. एक मीटर दोराचे वजन करावे. टोक उसवून जाती वेगळ्या कराव्यात. पाण्यात तरंगणे, जळताना वितळणे किंवा राख होणे यावरून बहुतेक जाती ओळखू येतात. प्रत्येक जातीचे वजन वेगळे घ्यावे. दोरातूनच काढलेली काही सुते तोडून त्यांचा भार आणि लांबणे दोन्ही मोजावे. कारखान्याच्या तक्त्यातल्या नव्या सुताचे आकडे घेऊ नयेत, कारण विणताना आणि वापरात सूत खराब होते. विणीचा कोन मोजावा. मग एका आलेखावर दोराच्या लांबण्यासमोर प्रत्येक जातीचा भार मांडून त्यांची बेरीज करावी. बेरीज चालते, पण ती एकाच लांबीवरच्या भारांची, कमाल ताकदींची नव्हे. त्या वक्राचे पहिले शिखर आणि सर्वोच्च शिखर हे आपले दोन आकडे.

यावर घट लावायची. सुतांच्या बेरजेला एका गुणकाने गुणून मोठ्या दोराचा तुटभार काढण्याची रीत रूढ आहे, कारण फार जाड दोर मावेल असे यंत्र सगळीकडे नसते. पण ते गुणक एका जातीच्या धाग्यासाठी, ठरलेल्या विणीसाठी अनुभवातून आलेले असतात. मिश्र दोराला पॉलिएस्टरचा गुणक लावणे ही मला आढळलेली सर्वांत घातक सोय आहे. त्यात लांबण्यातला विरोध दुसऱ्यांदा झाकला जातो. संगणकी प्रारूपे याहून चांगली आहेत. लीच यांच्या परंपरेतली, ऊर्जेच्या हिशेबावर उभी असलेली प्रारूपे प्रत्येक पेडाचा मार्ग, दाब आणि घर्षण मोजतात. त्यांनाही सुताचा खरा वक्र पुरवावा लागतो आणि पेडांतला सैलपणा मात्र गृहीत धरावा लागतो. आराखडे एकमेकांशी ताडून पाहायला ती उत्तम. छापायच्या आकड्याला दोर तोडण्याखेरीज पर्याय नाही.

तोडतानाही टोकांची काळजी हवी. आयएसओ २३०७ हे दोरांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात टोक कसे धरायचे हा मुद्दा उगीच आलेला नाही. गाभा-वेष्टणाचा दोर पकडीत दाबला तर पकड वेष्टणाला धरते आणि गाभा आतून सरकतो. चाचणी वेष्टणाची होते. चांगली गुंफण, म्हणजे स्प्लाइस, नव्वद टक्क्यांच्या वर ताकद राखते. गाठ नायलॉनमध्ये साठ-सत्तर टक्के, बुळबुळीत पॉलिएथिलीनमध्ये निम्मे किंवा त्याहून कमी. गाठीत बाहेरचा धागा सर्वांत जास्त लांबतो, त्यामुळे ताठ धागा तिथे आणखी लवकर संपतो. दोर गाठीने वापरणार असाल तर गाठ मारूनच तोडून पाहावा.

पाच-सहा नमुने तोडल्यावर सरासरी सांगू नये. सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून येणारा किमान आकडा सांगावा, आणि कामाचा भार त्याच्या पाचव्या ते बाराव्या हिश्शाइतका ठेवावा, असा दोरउद्योगाचा प्रघात आहे. मिश्र दोराला मी हा भागाकार पहिल्या शिखरापासून करतो.

महाराष्ट्राला दोरउद्योग नवा नाही. १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स या नावाने सुरू झालेल्या कंपनीचे पुणे आणि वाई इथले कारखाने मासेमारीपासून जहाजांपर्यंतचे दोर बनवतात. कृत्रिम दोरांचे ज्ञान त्यामुळे इथे आहे. वाख आणि प्लास्टिक यांच्या घरगुती मिश्रणाचे मोजमाप मात्र कुणी नेमाने करताना दिसत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सळया तोडायची यंत्रे आहेत, आणि दहा-बारा मिलिमीटरचे चऱ्हाट त्यांत आरामात बसते. तालुक्यातल्या कारागिरांकडून दोर घ्यावेत, वाखाचे आणि पट्टीचे प्रमाण बदलून वळवून घ्यावेत, कोरडे आणि भिजलेले तोडावेत, आणि भाराबरोबर लांबणेही टिपावे. विहिरीत उतरणारा माणूस याच दोरावर विसंबतो. त्याला सांगण्यासारखा एक भरवशाचा आकडा एका पावसाळ्यात हाती येईल.